डबऱ्याच्या राईस मिलमधले तूस: विकावे, दाबावे की जाळावे?

ग्वाल्हेरहून डबरा-भितरवारच्या बाजूला गेले की हरसी धरणाच्या कालव्यांवरची भाताची शेती लागते, आणि राईस मिलही त्याच पट्ट्यात आहेत. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींपैकी कुणी तिथे मिल घ्यायच्या किंवा भागीदारी करायच्या विचारात असेल, तर तांदळाच्या उताऱ्याइतकाच तुसाचाही हिशोब आधीच मांडावा, असे मला मनापासून वाटते. कोंड्याची काळजी नको, त्याला तेल गिरण्यांचे गिऱ्हाईक असते. प्रश्न तुसाचा, म्हणजे भातावरच्या कडक टरफलाचा आहे.

भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस. ताशी दोन टन भात भरडणारी मिल दहा तास चालली की चार टन तूस पडते. एक घनमीटर तूस जेमतेम १०० ते १२५ किलो भरते, म्हणजे ढीग वजनापेक्षा जागेलाच जास्त भारी.

सरळ विकणे सगळ्यात सोपे. भांडवल लागत नाही, वीटभट्ट्या आणि बॉयलरवाले उचलतात. पण हंगामात सगळ्यांचेच ढीग एकदम वाढतात आणि भाव गिऱ्हाईक ठरवते. शिवाय ट्रक वजनाने भरण्याआधीच आकाराने भरतो, त्यामुळे लांबचे गिऱ्हाईक परवडत नाही.

ती अडचण ब्रिकेट, म्हणजे तूस दाबून केलेली जळणाची कांडी, सोडवते. तुसात ओल मुळातच कमी, साधारण दहा टक्के, त्यामुळे वाळवणीचा खर्च सहसा नसतो आणि दाबताना डिंक-माती काही घालावे लागत नाही. तेच वजन चार-पाच पट कमी जागेत मावते. मात्र तूस खरखरीत असते, त्यातल्या सिलिकाने (वाळूत असते तेच द्रव्य) मशीनचा दाबणारा स्क्रू आणि डाय, म्हणजे साचा, भराभर झिजतात. मशीनचा विक्रेता ताशी उत्पादन सांगेल. तुम्ही डाय किती टनांनंतर बदलावी लागते ते विचारा. नफा तिथेच ठरतो.

गॅसिफायरचे, म्हणजे तूस अर्धवट जाळून त्याचा जळाऊ वायू करणाऱ्या भट्टीचे, आकर्षण मोठे आहे, कारण बिहारच्या पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावात २००७ साली तुसाच्या वायूवर वीज करून घरे उजळली. तिथे तेव्हा वीज पोहोचलेलीच नव्हती. तुमच्या मिलला ग्रिडची वीज असेल तर गणित बदलते. एका युनिटला साधारण दीड ते दोन किलो तूस लागते, वायूतले डांबर धुवावे लागते आणि त्या घाण पाण्याची विल्हेवाट तुमच्याच गळ्यात येते. शिकलेला माणूस कायम हजर नसेल तर या वाटेला जाऊ नये.

उरला बॉयलर. तुम्ही सेला, म्हणजे उकडा, तांदूळ काढणार असाल, तर भात उकडायला आणि वाळवायला वाफ लागणारच. किलोला ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी देणारे जळण घरचे असताना कोळसा विकत आणण्यात अर्थ नाही. माझे मत इथे पक्के आहे: सेला असेल तर बॉयलर, कच्चा तांदूळ असेल तर ब्रिकेट, आणि मिल लहान असेल तर सरळ विक्री.

पण बॉयलर घेताना राखेचा विचार आधी करा. चार टनांमागे सातशे-आठशे किलो राख निघते. जळल्यावरही तुसाचा होडीसारखा आकार तसाच राहतो, कारण उरलेला सांगाडा सिलिकाचा असतो, राखेत ८५ ते ९५ टक्के. जाळताना तापमान ७०० अंशांच्या आत राहिले आणि कार्बन पूर्ण जळला, तर करड्या राखेतली सिलिका अस्फटिक, म्हणजे स्फटिक न झालेली, राहते. अशी राख बारीक दळून काँक्रीटमध्ये दहा-पंधरा टक्के सिमेंटच्या जागी चालते. आयएस ४५६ या भारतीय मानकातही तिचा उल्लेख आहे. कॉस्टिक सोड्यात उकळून तिच्यापासून टायरसाठी सिलिकाही काढतात. आच फार चढली तर सिलिका स्फटिक होते, किंमत पडते आणि ती धूळ छातीत गेली तर कायमचा आजार जडतो. काळी, अर्धवट जळलेली राख सिमेंटच्या कामाला येत नाही. पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूवर पसरायला मात्र तिला मागणी असते.

म्हणून बॉयलरच्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी घ्या: भट्टीचे तापमान, राखेत उरणाऱ्या कार्बनचे प्रमाण, आणि उडती राख पकडायला सायक्लोनसोबत (धूर गरगर फिरवून राख वेगळी करणारे नळकांडे) बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी, आहे की नाही. राख भरणाऱ्या कामगारांसाठी चांगले मास्क आणि झाकलेली, पाणी मारलेली जागा पहिल्या दिवसापासून हवी. सौदा करण्याआधी राखेचा नमुना तपासून गिऱ्हाईकही पाहून ठेवा, नाहीतर ती राख शेजाऱ्यांच्या शेतावर उडत राहील.