पिक्स देऊन स्टार आणायचा की स्टार विकून पिक्स? एनएफएलच्या ऑफसीझनचा हिशोब

मार्च जवळ आला की एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणाऱ्या कुठल्याही ग्रुपवर हेच भांडण सुरू होतं. अर्धे म्हणतात पहिल्या राउंडचे पिक्स (ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या निवडीत, आपले नंबर) देऊन टाका आणि तयार माणूस आणा, अर्धे म्हणतात येडे झालात का, उलट आपलाच महागडा माणूस विका आणि पिक्स जमवा. मॅडन या व्हिडिओ गेममध्ये फ्रँचायझी चालवणारे, मित्रांबरोबर मॉक (खोटा) ड्राफ्ट लावणारे, नाहीतर नुसतेच आपल्या टीमच्या जीएमला (टीम बांधणाऱ्या जनरल मॅनेजरला) शिव्या घालणारे, सगळ्यांनाच कधी ना कधी यातली एक बाजू घ्यावी लागते. तर दोन्ही रस्ते समोरासमोर ठेवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, पहिल्यांदा बघायचं ते क्वार्टरबॅकवर (बॉल फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू) किती कॅप (पगाराची मर्यादा) जातेय ते, स्टार की पिक हे त्यानंतर ठरतं, आणि जे उलट्या क्रमाने जातात ते बहुतेक वेळा आपटतात.

नवीन मंडळींसाठी पटकन. आयपीएलची पर्स असते ना, तशी इथे सॅलरी कॅप, ३२ टीमना सारखीच, २०२४ ला २५५.४ मिलियन डॉलर आणि २०२५ ला २७९.२ मिलियन. पण कॉलेजमधून येणाऱ्या पोरांवर इथे बोली लागत नाही, ड्राफ्टमध्ये नंबर लागतो, सात राउंड, आधीच्या सीझनला जो तळाला त्याचा नंबर पहिला. आणि त्या पोराचा पगार किती हे तो कितव्या नंबरला गेला त्यावर जवळपास ठरलेलं असतं. हे २०११ पासूनचं. त्याच्या आदल्याच वर्षी क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड पहिल्या नंबरला गेला तर सेंट लुइस रॅम्सने त्याला ६ वर्षांचे ७८ मिलियन लिहून दिले, त्यातले ५० गॅरंटीड, तेही एनएफएलचा एकही स्नॅप (डाव) न खेळता. २०११ ला कॅम न्यूटन पहिला गेला, त्याला ४ वर्षांचे २२ मिलियन. बस्स, त्या दिवसापासून पिकला खरी किंमत आली, कारण पिक म्हणजे आता चार वर्षं (पहिल्या राउंडचा असेल तर टीमच्या मर्जीने पाचवंही) स्वस्तात मिळणारा खेळाडू. क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला २०२४ ला शिकागोने चार वर्षांचे मिळून साधारण ३९.५ मिलियन दिले, आणि त्याच वर्षी डॅलसने आपल्या जुन्या क्वार्टरबॅकला, डॅक प्रेस्कॉटला, वर्षाला सरासरी ६० मिलियन. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

आता पहिला रस्ता, पिक्स द्या स्टार घ्या. याचं नाव काढलं की रॅम्सच आठवतात. २०१६ ला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफला पहिल्या नंबरवर घेतलं आणि त्यानंतर थेट २०२४ ला जॅरेड व्हर्स येईपर्यंत पहिल्या राउंडमध्ये त्यांनी कोणालाच घेतलं नाही. जेलन रॅमसीसाठी दोन पहिल्या राउंडचे पिक, डेट्रॉइट लायन्सचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डसाठी गॉफ अधिक दोन पहिल्या राउंडचे अधिक एक तिसऱ्याचा, व्हॉन मिलरसाठी दुसरा आणि तिसरा. फेब्रुवारी २०२२ ला बेंगॉल्सला २३-२० हरवून सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला, आणि मिरवणुकीत जीएम लेस स्नीड पिक्सला शिवी छापलेला टीशर्ट घालून फिरला. तो फोटो बघून अर्ध्या जगाने चुकीचा धडा घेतला राव.

कारण त्या टीममध्ये नीट बघा. सुपर बोलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कूपर कप, तो तिसऱ्या राउंडचा. म्हणजे पहिल्या राउंडचे पिक उधळत असताना खालच्या राउंडमध्ये ही मंडळी गुपचूप माणसं शोधत होती (नंतर २०२३ ला पुका नकुआ पाचव्या राउंडमध्ये सापडला आणि रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) म्हणून १०५ कॅच आणि १४८६ यार्डांचा विक्रम करून बसला). दुसरं म्हणजे स्टॅफर्ड आला तेव्हा स्वस्त होता. याला कारण डेड मनी, आणि हे एकदा समजून घेतलं की ऑफसीझनच्या निम्म्या बातम्या आपोआप कळायला लागतात.

समजा पाच वर्षांचा करार आहे आणि ५० मिलियन सायनिंग बोनस दिला. पैसे खेळाडूच्या खात्यात लगेच गेले, पण कॅपच्या वहीत ते दरवर्षी १० असे पाच वर्षं लिहिले जातात. दोन सीझननंतर त्याला सोडलं की उरलेले ३० एकदम तुमच्या त्या वर्षीच्या कॅपवर येऊन बसतात, हाच डेड मनी. १ जूननंतर सोडल्याचा शिक्का मारून सोडलं तर यंदा १० आणि पुढच्या वर्षी २० असं विभागता येतं, पण माफ कोणी करत नाही. आणि गंमत अशी की ट्रेड (अदलाबदल) केला तरी हा जुना बोनस जुन्या टीमकडेच राहतो, नव्या टीमला फक्त पुढचा पगार. म्हणून स्टॅफर्डच्या बोनसचं ओझं डेट्रॉइटने उचललं आणि रॅम्सना तो परवडणाऱ्या आकड्यात मिळाला. (गॉफचा डेड मनी अर्थात रॅम्सच्या डोक्यावर बसला, तोही २० मिलियनच्या वर, फुकट काहीच नसतं.) मोठा करार त्यांनी स्टॅफर्डला दिला तो सुपर बोल जिंकल्यावर.

आता हाच रस्ता डेन्व्हरने कसा घेतला ते बघा. मार्च २०२२, क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी सिअ‍ॅटलला दोन पहिल्या राउंडचे पिक, दोन दुसऱ्या राउंडचे, एक पाचव्याचा आणि वर तीन खेळाडू. इथपर्यंत ठीक होतं एकवेळ. पण करार संपायला अजून दोन वर्षं बाकी असताना, एकही मॅच खेळायच्या आधी, त्याला २४५ मिलियनचं एक्स्टेंशन. म्हणजे किंमत दोनदा मोजली, एकदा पिक्समध्ये आणि एकदा पैशात. पहिल्या सीझनला ५-१२ (पाच विजय, बारा पराभव), दोन वर्षांत सोडलं, आणि ८५ मिलियनचा डेड मनी, २०२४ ला ५३ आणि २०२५ ला ३२. क्लीव्हलंडने त्याच महिन्यात क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या राउंडचे पिक आणि पूर्ण गॅरंटीड २३० मिलियन दिले, पहिल्या तीन सीझनमध्ये सस्पेन्शन आणि दुखापती धरून तो १९ मॅच खेळला. यावर जास्त काय लिहायचं.

दुसरा रस्ता, स्टार द्या पिक्स घ्या. मार्च २०२२ मध्येच (काय महिना होता तो!) कॅन्सस सिटी चीफ्सनी रिसीव्हर (पास झेलणारा) टायरीक हिल मायामीला दिला, बदल्यात पाच पिक, त्यात एक पहिल्या राउंडचा आणि एक दुसऱ्याचा. मायामीने त्याला १२० मिलियनचं एक्स्टेंशन दिलं. सगळे म्हणाले चीफ्स संपले. हिल तिकडे सलग दोन वर्षं १७०० यार्डांच्या वर गेला, म्हणजे माणूस खराब निघाला असं अजिबात नाही. पण चीफ्सकडे क्वार्टरबॅक माहोम्स होता, त्याचा ४५० मिलियनचा दहा वर्षांचा करार होता, आणि दोघांना पोसून बाकीची टीम उभी राहिली नसती. आलेल्या पिक्सचा वापर करून ते ड्राफ्टमध्ये वर सरकले आणि कॉर्नर (समोरच्या रिसीव्हरला अडवणारा) ट्रेंट मॅकडफी घेतला. सगळंच जमलं असंही नाही, त्याच पिक्समधून आलेल्या रिसीव्हर स्काय मूरने त्यानंतरच्या पहिल्या सुपर बोलमध्ये एक टचडाउन केला, त्यापुढे फार काही नाही. तरी पुढचे दोन्ही सुपर बोल चीफ्सचे. आणि मधल्या काळात जानेवारी २०२४ ला हिल मायामीबरोबर प्लेऑफ खेळायला कॅन्सस सिटीला परत आला, हाडं गोठवणारी थंडी, मॅच २६-७ चीफ्सने जिंकली, मायामीचा एकमेव टचडाउन हिलचाच.

सिअ‍ॅटलनेही विल्सन देऊन आलेल्या पिक्सवर लेफ्ट टॅकल (आपल्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा) चार्ल्स क्रॉस, कॉर्नर डेव्हॉन विदरस्पून, आणि बॉय माफे आणि डेरिक हॉल हे दोन पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) घेतले. चार पोरं, चौघांचे मिळून पगार त्या एका क्वार्टरबॅकपेक्षा कमी. क्वार्टरबॅक म्हणून जिनो स्मिथला स्वस्तात खेळवलं आणि २०२२ च्याच सीझनला प्लेऑफमध्ये.

पण मला सगळ्यात आवडतो तो स्टॅफर्डचाच ट्रेड, दुसऱ्या बाजूने बघितलेला. लायन्सना रॅम्सकडून २०२२ चा पहिल्या राउंडचा पिक आला तो ३२ वा, म्हणजे सुपर बोल जिंकणाऱ्याचा, सगळ्यात खालचा. तो आणि अजून पिक्स घालून ते १२ वर गेले आणि जेमसन विल्यम्स घेतला. पुढच्या वर्षी रॅम्स ५-१२ झाले आणि लायन्सच्या हातात सहावा पिक पडला. तिथे हे खाली सरकले, अ‍ॅरिझोनाला सहावा देऊन बारावा आणि चौतिसावा घेतला, बाराव्यावर जमीर गिब्ज, चौतिसाव्यावर सॅम लापोर्टा. आणि ज्या गॉफला रॅम्सनी ओझं म्हणून ढकललं होतं त्यानेच जानेवारी २०२४ च्या प्लेऑफमध्ये स्टॅफर्डच्या रॅम्सना २४-२३ हरवलं, डेट्रॉइटचा १९९२ नंतरचा पहिला प्लेऑफ विजय. मग ट्रेड कोणी जिंकला? दोघांनी. रॅम्सची टीम तयार होती, एक माणूस कमी होता. लायन्सकडे काहीच नव्हतं, त्यांना वेळ आणि माणसं हवी होती. एकाच सौद्यात दोघांनाही आपापल्या गरजेचं मिळालं.

यातला एक उपप्रश्न म्हणजे क्वार्टरबॅकसाठी ड्राफ्टमध्येच वर उडी मारायची का. इथे मी जरा कडक आहे. फोर्टी नायनर्सनी २०२१ ला तीन पहिल्या राउंडचे पिक देऊन तिसऱ्या नंबरवर ट्रे लान्स घेतला, आणि पुढच्याच वर्षी ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२ वा पिक ब्रॉक पर्डी, तोच त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. पँथर्सनी २०२३ ला ब्राइस यंगसाठी जे पिक्स शिकागोला दिले (वर रिसीव्हर डी. जे. मूरही दिला) त्यातला पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक थेट पहिल्या नंबरचा निघाला, त्यावरच शिकागोने केलेब विल्यम्स घेतला. कोच जिमी जॉन्सनच्या काळात डॅलसने पिक्सच्या किमतीचा जो तक्ता बनवला त्यात पहिल्या पिकला ३००० पॉइंट, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी २०११ च्या आधीचे आकडे घेऊन दाखवलं की टीम वरच्या पिक्सना प्रमाणाबाहेर भाव देतात, कारण प्रत्येक जीएमला वाटतं की आपल्यालाच पोरांमधलं कळतं. म्हणून समोरचा तक्त्याप्रमाणे भाव देत असेल तर खाली सरका, दोन पिक घ्या, झोपा.

मग तुम्ही काय करायचं. तुमचा क्वार्टरबॅक रुकी कराराच्या दुसऱ्या तिसऱ्या वर्षात असेल आणि खेळत असेल तर बिनधास्त पिक्स द्या आणि दुसऱ्या जागेसाठी स्टार आणा, खिडकी उघडी आहे. ईगल्सनी २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री असंच केलं, टेनेसीला १८ वा आणि १०१ वा पिक देऊन रिसीव्हर ए. जे. ब्राउन आणला, १०० मिलियन दिले, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स तेव्हा दुसऱ्या राउंडच्या पगारावर होता. त्याच सीझनला सुपर बोल गाठला (हरले, पण गाठला), आणि हर्ट्सचा २५५ मिलियनचा करार त्याच्यानंतर. क्वार्टरबॅक चांगला पण महाग असेल तर चीफ्ससारखं दुसऱ्या नंबरचा महाग माणूस वेळेत विका, तिशीच्या आधी, लोकांना हळहळ वाटतेय तोवर. क्वार्टरबॅकच नसेल तर स्टार आणून उपयोग शून्य, फक्त ९-८ होऊन मधलाच पिक मिळेल, त्यापेक्षा पिक्स जमवा. आणि चुकीचा महागडा करार गळ्यात असेल तर घाव एकदाच घ्या, डेन्व्हरने विल्सनचे ५३ मिलियन अंगावर असताना १२ व्या पिकवर बो निक्स घेतला आणि त्याच वर्षी १०-७ करून प्लेऑफमध्ये गेले, कारण निक्स स्वस्त होता.

सगळ्यात अवघड केस म्हणजे बरा क्वार्टरबॅक, मध्यम पगार, वय ३०-३१. इथे मला स्वतःला कुठलाच रस्ता ठामपणे सांगता येत नाही, मी एक वर्ष थांबेन आणि पुढच्या वर्षीचे पिक मात्र कोणालाही देणार नाही.

फ्री एजन्सीबद्दल (करार संपलेले खेळाडू कुठल्याही टीमकडे जाऊ शकतात तो बाजार) एवढंच की मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत जे करार होतात ते भावात सगळ्यात महाग असतात, ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीसारखे (३ वर्षं, ३७.७५ मिलियन, आणि पहिल्याच वर्षी २००५ यार्ड) अपवाद सोडा. त्याच ईगल्सनी झॅक बॉनला एका वर्षाचे ३.५ मिलियन दिले होते, असे करार शोधा. तुमचा माणूस करार संपून दुसरीकडे गेला तर पुढच्या वर्षी कॉम्पेन्सेटरी पिक (भरपाईचा जादा पिक) मिळू शकतो, पण तुम्ही बाहेरून तसाच माणूस आणला की हिशोबात तो वजा होतो. दुसऱ्या टीमने स्वतःहून सोडलेला खेळाडू घेतला तर वजा होत नाही. आणि ड्राफ्टनंतरचा सोमवार उलटला की कोणालाही साइन करा, त्या हिशोबात धरतच नाहीत, त्यामुळे तिशीतला गार्ड किंवा तिसरा कॉर्नर हवा असेल तर मे महिन्यापर्यंत हात आखडता ठेवा.