डेस्मोप्रेसिनचा फवारा, आठ महिन्यांनंतर: तळाला उरलेल्या औषधाची गोष्ट

काल सातवी बाटली संपली. संपली म्हणजे, तळाला औषध दिसतंय, हलवलं की डुचमळतंय, तरी फेकून द्यायचीय. माझा सगळा राग या तळातल्या औषधावर आहे, बाकी औषधाने जीव वाचवलाय माझा हे आधीच सांगून टाकते.

मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं ऑपरेशन नाकातून झालं, नाक बरं झाल्यावर औषधही नाकातूनच, म्हटलं घ्या! औषधाआधीचे दिवस आठवले तरी घसा कोरडा पडतो. दिवसाला दहा-बारा लिटर पाणी, रात्री तासातासाला बाथरूम, शाळेत तास मधेच सोडून पळायचं. आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस, त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा साखर किती विचारायचा आणि मेथीचं पाणी सुचवायचा. साखरेचा काडीचा संबंध नाही, शरीरात पाणी धरून ठेवणारं, मेंदूतून येणारं हार्मोन कमी पडतं आणि हे त्याचंच कारखान्यात केलेलं रूप. 2022 मध्ये डॉक्टर लोकांनी नावच बदलायचं ठरवलं, कारण दवाखान्यातही गोंधळ व्हायचा आणि पेशंटचं हे औषधच राहून जायचं. आमच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

पहिला फवारा मारला त्या रात्री सलग सहा तास झोपले. सकाळी उठून रडले, खरंच.

आता तक्रार. 5 मिलीच्या बाटलीत 50 फवारे, एकात 10 मायक्रोग्रॅम, मला दिवसाला दोन. पन्नासनंतर पंप नीट माप देत नाही म्हणून टाकून द्या असं आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, पण किती झाले ते मोजायला बाटलीवर काही म्हणजे काहीच नाही. दम्याच्या पंपावर आकडे असतात हो! मी काटकसरी बाई, टूथपेस्ट लाटण्याने दाबणारी, तिसऱ्या बाटलीत तळ दिसत असताना फेकणार थोडीच. बाटली तिरकी करून करून आणखी पाच-सहा दिवस ओढले. परत तहान, परत रात्रभर फेऱ्या. मला वाटलं औषध लागू पडेनासं झालं.

मग नवी बाटली उघडली, घाबरून दोनाच्या जागी चार फवारे, दोन दिवस, आणि पाणी प्यायची सवय तशीच चालू, उशाला दोन लिटरची बाटली. तिसऱ्या दिवशी डोकं असं दुखायला लागलं की बस, मळमळ, फळ्यावर तारीख लिहिताना महिना आठवेना. मेडिकलमधून आयबुप्रोफेन, दुखण्यावरची गोळी, आणून घेतली. तेही चुकलंच, ती या औषधाबरोबर पाणी अजून अडवते. रक्त तपासलं तर सोडियम 126, हवं 135 ते 145. दोन रात्री ॲडमिट. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ताई, औषध कमी पडलं तर तहान लागून कळतं, जास्त झालं तर कळेपर्यंत फिट येऊ शकते.

तेव्हापासूनचे माझे नियम: तहान लागली तरच पाणी, कुणी आग्रह केला म्हणून नाही. पुढचा डोस आधीचा उतरल्यावर, म्हणजे दिवसातून एकदा तरी भरपूर आणि पाण्यासारखी लघवी झाल्यावरच. उलट्या-जुलाब लागले तर आधी फोन. आणि कुठलीही नवी गोळी विचारून. डोस माझा आहे, तुमचा डॉक्टर ठरवेल.

फवारे मोजायला दुधाचं कार्ड वापरते, सकाळ-संध्याकाळच्या खुणा. ह्यांनी एकदा त्यावरून दूधवाल्याशी वाद घातला.

मधे गोळीबद्दलचं मत बदललं ते सर्दीमुळे. नाक चोंदलं की फवारा वाया, म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली, 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे 100 मायक्रोग्रॅम! मी घरी बसून भागाकार केला आणि घाबरले. पण पोटातून फार थोडं रक्तात जातं म्हणून आकडा मोठा. पोटभर जेवणावर घेतली तर आणखी कमी लागू पडते हे स्वतः अनुभवलं, श्रीखंड-पुरीच्या दिवशी. तरी मोजायला सोपी, शाळेच्या दिवसांत आता गोळीच. आधी मी गोळीला नावं ठेवली होती, परत घेते.

गंमत म्हणजे नणंदेच्या मुलीला दाढ काढायच्या आधी हेच औषध सलाईनमधून दिलं. तिला व्हॉन विलेब्रँड नावाचा आजार, सौम्य प्रकारचा, रक्त लवकर थांबत नाही. हे औषध रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साठलेला, रक्त थांबवणारा घटक बाहेर काढतं. साठा संपला की लागोपाठ डोस देऊन फार उपयोग नाही, आणि सगळ्या प्रकारांना चालतही नाही, म्हणून आधी चाचणीचा डोस देऊन रक्त तपासलं. तिलाही नंतर 24 तास पाणी मोजूनच. रक्तस्रावासाठीचा फवारा 150 मायक्रोग्रॅमचा असतो, माझ्या पंधरापट. त्यामुळे नुसतं नाव बघून कुणाची बाटली कुणाला देऊ नका, खोक्यावरचा आकडा वाचा.

कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारलं, आकडे का नाही टाकत? सूचना नोंदवलीय म्हणे. सातवी बाटली अजून फ्रिजच्या दारात उभी आहे. उद्या कचऱ्याची गाडी येईल तेव्हा टाकते.