कुंभीकाठचं भाड्याचं लाकडी घर: मे ते फेब्रुवारी राहून पाहिल्यावर

लखमापूर धरणाच्या खालच्या अंगाला, कुंभी नदीच्या काठावर, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान लाकडी घर आम्ही गेल्या मेपासून महिन्याच्या भाड्याने घेतलंय. भाडं आठ हजार, लाईट बिल वेगळं. कोल्हापुरातून फुलेवाडी, कळे करत दीड तासाची वाट. मी घरूनच हिशेबाचं काम करते, त्यामुळे शनिवार-रविवार सोडून मधले दिवसही तिथे काढता आले. राधानगरी, आंबा, गगनबावडा या पट्ट्यात अशी घरं आता बरीच झाली आहेत आणि त्यांच्याबद्दल जे लिहिलेलं वाचायला मिळतं ते बहुतेक एका रात्रीच्या मुक्कामावरचं. एका रात्रीत जेवण कसं होतं ते कळतं, गादी मऊ होती का ते कळतं. नदी कळायला तिचा पावसाळा आणि हिवाळा दोन्ही बघावे लागतात. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितेय.

घर बघायला जाणारे सगळे एकच विचारतात, नदी किती लांब? विचारायला हवं ते घर नदीपासून किती उंचावर आहे. आमचं घर काळ्या दगडाच्या जोत्यावर आहे आणि जोतं नदीच्या पात्रापासून चांगलं वर, भाताच्या खाचरांच्याही वरच्या टप्प्यावर. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कागदावर त्या आपल्या गावासाठी आखल्यात का ते ग्रामपंचायतीत विचारावं, पण त्याच्या आधी शेजारच्या चार म्हाताऱ्या माणसांना २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते विचारावं. आमच्या मालकांना मी मामा म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी काठावरचा उंबर दाखवला आणि म्हणाले, "ताई, नदी उंबराच्या बुडाला लागली की खाली मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं म्हणून समजायचं. मग कोल्लापूरला निघायचं न्हाई. आणि धरणातनं पाणी सोडलंय म्हणून कळलं की पात्रात पाऊल घालायचं न्हाई, पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी." हे दोन नियम आम्ही आजवर मोडलेले नाहीत. पहिल्याचा प्रत्यय जुलैतच आला. उंबराच्या मुळांना पाणी टेकलं त्या संध्याकाळी मांडुकलीचा रस्ता बंद झाल्याची बातमी आली. डाळ-तांदूळ, मेणबत्त्या, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या सगळं आधीच भरून ठेवलेलं होतं, म्हणून ते दिवस निवांत गेले.

पावसाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्यात पाच हजाराच्या पुढे. आम्ही शहरातली माणसं जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे आमच्या तोंडपाठ आहेत. पण ते पाणी कुठून निघतं ते मी ह्या वर्षी पाहिलं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती ह्यांचंच पाणी मिळून पंचगंगा होते. इथे पडवीत बसलं की समोरच्या डोंगरावरून पांढरे धबधबे कुंभीत उतरताना दिसतात, नदी तांबड्या मातीच्या रंगाची होते, आणि रात्री पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक जड आवाज ऐकू येतो, तळाचे गोटे एकमेकांवर घासत पुढे सरकण्याचा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा झोप आली नाही. नंतर त्याच्याशिवाय झोप येईना.

आता घराच्या तक्रारी, कारण त्याही पावसातल्याच आहेत. घर ज्यांनी बांधलं त्यांनी दारांना पुरतं न वाळलेलं लाकूड वापरलंय. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुढचं दार इतकं फुगलं की आतून दोन हातांनी ओढल्याशिवाय उघडत नव्हतं. सुताराला बोलावून खालची कड रंधून घेतली, तर आता हिवाळ्यात दार आक्रसलंय आणि त्या फटीतून बोटभर उजेड आत येतो. न्हाणीघराचं दार प्लायवूडचं होतं, त्याचे पापुद्रे सुटले. ते मालकांनी स्वखर्चाने बदलून फायबरचं बसवलं. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की फोनवर बोलणं अशक्य, माझे गिऱ्हाइकांचे सगळे फोन सकाळी पाऊस उघडेल तेव्हाच. पत्र्यावर कौलं चढवायचं मामांनी कबूल केलंय, अजून व्हायचंय. ओल तर सगळीकडे. फोमच्या गादीला ऑगस्टमध्ये काळी बुरशी आली आणि ती उन्हात टाकायला ऊनच नव्हतं. गादी गोठ्याच्या माळ्यावर टाकली आणि घरून दोन वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, आणल्या. वाकळ चुलीच्या उबेला तासाभरात कोरडी होते, अंगाला ओलसर लागत नाही. डोंगरातल्या कुठल्याही पावसाळी मुक्कामाला वाकळच न्यावी असं मी आता सगळ्यांना सांगते. चामड्याची चप्पल नेऊ नये.

लाईट जाते, कधी कधी दोन-दोन दिवस. इन्व्हर्टर आहे, त्यावर लॅपटॉप आणि एक दिवा चालतो. नेटवर्क फक्त पडवीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात. तिथेच टेबल मांडलंय.

जळवांना घाबरायचं कारण नाही. ओढून काढू नये, मीठ लावलं की सुटते. रात्री मात्र टॉर्चशिवाय अंगणातही उतरू नये. हिरवा चापडा हा विषारी साप कुंपणाच्या कारवीवर बसलेला आम्हाला दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा तो पानांत असा मिसळलेला होता की नजर त्याच्यावरून सरकून गेली असती.

या घराचं सगळ्यात मोठं देणं म्हणाल तर मेच्या शेवटचे आणि जूनचे पहिले दिवस. वळीव पडून गेला की खालच्या ओढ्याकडे हिरड्याच्या आणि ऐनाच्या झाडांवर काजवे येतात. आधी चार-सहा, मग अख्खं झाड एका लयीत लुकलुकायला लागतं आणि शेजारचं झाड त्याला उत्तर देतं. काजव्याचं आयुष्य बहुतेक अळीच्या रूपात, ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खात जातं. पंख फुटल्यावर जोडीदार शोधायला जेमतेम काही आठवडे मिळतात आणि तो शोध उजेडाच्या खुणांवरच चालतो. आपला बाहेरचा दिवा चालू असला की त्या खुणा पुसल्या जातात. घराच्या कोपऱ्यावर एक पांढरा झगझगीत एलईडी होता. मामांना हे समजावून सांगितलं, तर त्यांनी त्याच संध्याकाळी तो काढला आणि पायऱ्यांपुरता झाकणाचा पिवळा दिवा लावला. आठवड्याभरात काजवे अंगणातल्या जांभळापर्यंत आले. काजवे बघायला येणाऱ्यांनी मोबाईलचा फ्लॅश आणि गाडीचे हेडलाईट बंद ठेवावेत, एवढी हात जोडून विनंती.

आणि शीळकरी कस्तूर. पाऊस लागला की हा काळा-निळा पक्षी ओढ्याच्या कपारीतून पहाटे उजाडायच्या आधी शीळ घालायला लागतो. ती शीळ एखादं पोर शाळेच्या वाटेवर मनाला येईल तशी चाल वाजवत जावं तशी असते, कुठेही वळते, मध्येच थांबते, पुन्हा भलत्याच सुरावर सुरू होते. सासूबाईंना पहिल्या दिवशी कुणी माणूसच वाटला होता. पुढे त्या रोज पहाटे साडेपाचला पडवीत येऊन बसायच्या.

दसरा झाला की नदीचं रूप पालटतं. पाऊस सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात. दगडी खांबांच्या मधल्या गाळ्यांत फळ्या बसवायच्या, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाच्या आधी त्या काढून घ्यायच्या, म्हणजे पूर मोकळा वाहून जातो. आमच्या खालीच असा एक बंधारा आहे. बरगे बसले आणि आठ-दहा दिवसांत घरासमोर निवळशंख पाण्याचा लांब डोह तयार झाला. धरणाचं पाणी उसासाठी पाळीने सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यातही पात्र कोरडं पडत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी त्या डोहावर धुकं असतं, धोबी पक्षी गोट्यांवर शेपटी हलवत फिरतात, कवड्या धीवर हवेत एका जागी थांबून पाण्यात सूर मारतो. आमचा मुलगा पोहायला इथेच शिकला, मामांच्या पोराने कमरेला दोरी बांधून शिकवलं.

गव्यांचं सांगते, कारण बाहेरून येणाऱ्यांना त्याचा अंदाज नसतो. दाजीपूरच्या बाजूने जंगल सलग आहे. तिथलं गव्यांचं अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं. कळप अंधार पडल्यावर भात-ऊस खायला खाली येतात. डिसेंबरात एका रात्री खिडकीपासून पन्नासेक पावलांवर एक एकटा नर उभा होता. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसत होते आणि नाकातून वाफ निघत होती. आम्ही दिवा लावला नाही, बोललो नाही, तो पंधरा मिनिटांनी बांधावरून उतरून गेला. एकटा नर दिसला तर त्याच्या जवळ जाऊन फोटो काढायचा विचारही मनात आणू नये, टनाच्या आसपास वजनाचं जनावर आहे. आणि गव्याने नासलेल्या शेताबद्दल शेतकरी चिडून बोलला तर त्याचं ऐकून घ्यावं. मामींचं नाचणीचं अर्धं वावर ह्या वर्षी गेलं, तरी आमच्या पोळपाटावर त्यांच्याच नाचणीची भाकरी असते.

आजूबाजूला बघायला गगनगड आहे, बावड्याच्या पंत अमात्यांच्या जहागिरीचा मुलूख आहे, पण मला सगळ्यात आवडलं ते पळसंबे. तिथे ओढ्याच्या काठी खडकात कोरलेली रामलिंगची लहान देवळं आहेत. झाडीत उतरल्याशिवाय ती दिसतच नाहीत. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

एक गोष्ट मनापासून खटकते. थर्टी फर्स्टला पलीकडच्या काठावर एका मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर स्पीकर चालू होता आणि दुसऱ्या दिवशी डोहाच्या उथळ भागात फुटलेल्या बाटल्या सापडल्या. त्याच पाण्यात गावची जनावरं उतरतात, पोरं पोहतात. आम्ही चौघांनी मिळून काचा वेचल्या, ग्रामपंचायतीत तोंडी आणि लेखी दोन्ही सांगितलं. गावाने आता नदीकाठी स्पीकर लावायचा नाही असं ठरवलंय, आणि कुठलंही घर घेताना त्या गावाचा असा काही नियम आहे का, हे मी भाड्याच्या आधी विचारेन.

घर कुणाला जमेल? ज्यांना महिन्यातले सलग आठ-दहा दिवस तरी काढता येतात, त्यांना नक्की. नुसत्या शनिवार-रविवारसाठी महिन्याचं भाडं परवडणार नाही. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना नदीपर्यंतच्या दगडी पायऱ्या अवघड आहेत, सासूबाई पावसाळ्यात खाली उतरल्याच नाहीत. करार आम्ही आणखी वर्षभर वाढवून घेतलाय. त्यात तीन गोष्टी लिहून घेतल्या: पावसाआधी कौलं, पायऱ्यांना लोखंडी कठडा, आणि बाहेर पांढरा दिवा लावायचा नाही. कठड्याचं माप परवा वेल्डर घेऊन गेला.