मुंबई, नागपूर, हैदराबाद की रायपूर: पोट्ट्याला धाडायचं कुठं?

आपल्या विदर्भात डिग्री झालेलं पोट्टं घरी बसलं की याला आता कुठं धाडायचं, हा विषय निघतोच. सरकारी कागदावर आपली राजधानी मुंबई. पण गडचिरोलीहून ती हजार किलोमीटरच्या घरात, आणि सिरोंच्याचा माणूस गोदावरीचा पूल ओलांडला की थेट तेलंगणात. म्हणून आधी जिल्हा पाहा, मग राजधानी.

हैदराबाद चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांसाठी पहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. बल्लारशाहून काझीपेठमार्गे सिकंदराबादची गाडी सरळ आहे. मिरची तोडायला दरवर्षी तेलंगणात जाणाऱ्या आपल्या माणसांना ती वाट नवी नाही. शिकलेल्या पोरांची वाट मात्र अमीरपेठेत जाते. तिथं भिंत न् भिंत सॉफ्टवेअर क्लासच्या पाट्यांनी झाकलेली, वरच्या मजल्यांवर होस्टेल आणि एका खोलीत तीन-चार खाटा. मेसमध्ये अंबाडीची चटणी आपल्यासारखीच, पोळी मात्र मागून घ्यावी लागते. क्लास संपल्यावर त्याच शहरात आयटी आणि औषध कंपन्या आहेत, हा खरा फायदा. नोकरीसाठी पुन्हा दुसरं शहर धुंडाळावं लागत नाही. शहरात हिंदीवर निभावतं, पण बाहेरच्या तालुक्यात काम लागलं तर तेलुगू शिकण्यावाचून गत्यंतर नाही. क्लासवाल्यानं 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हटलं, तर मागच्या बॅचच्या दोन पोरांशी फोनवर बोलल्याशिवाय फी भरू नका.

नागपूरचं गणित वेगळं. 1956 पर्यंत ते जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. 1953 च्या नागपूर कराराच्या आधारानं आज वर्षातून एक अधिवेशन तिथं होतं. डिसेंबरात सीताबर्डीकडं मोर्च्यांची रीघ लागते. अधिवेशन आटोपलं की मंत्रीही परत, फायलीही परत. राजधानी म्हणून एवढंच. पण हायकोर्टाचं खंडपीठ, 'मेडिकल' आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, 2018 ला सुरू झालेलं एम्स, विद्यापीठ आणि एमपीएससीचे क्लास, सगळं इथंच. वर्धा-भंडाऱ्याचं पोरगं सकाळची एसटी धरून रात्री घरी परततं, म्हणजे खोलीभाडं वाचतं. स्पर्धा परीक्षा करायची असेल तर उगाच दूर जाऊ नका. खाजगी नोकरीसाठी मात्र विमानतळाजवळच्या मिहान उद्योग-प्रकल्पावर सगळी भिस्त ठेवू नये; वीस वर्षांपूर्वी दाखवलेलं स्वप्न अजून पुरतं उतरलेलं नाही.

गोंदियावाल्यांनो, रायपूर विसरू नका. छत्तीसगड 1 नोव्हेंबर 2000 ला झालं आणि शहर तेव्हापासून फुगतच गेलंय. हावडा-मुंबई लाइनवर असल्यानं गाड्यांना तोटा नाही, वाटेत दुर्ग-भिलाईचे कारखाने लागतात. आयटीआय, फिटर, वेल्डर झालेल्या पोरांनी आधी तिथं चक्कर मारावी. हिंदीची अडचण गोंदियात कुणाला आहे? एम्स तिथंही आहे. कोर्टाचं काम असेल तर रायपूर नाही, हायकोर्ट बिलासपुरात.

भोपाळकडं जायला फारसं कारण दिसत नाही. मेळघाटातला धारणीचा माणूसही खंडवा-बऱ्हाणपूर आणि फार तर इंदूर गाठतो.

मुंबईला हातात नोकरी असेल, मंत्रालयात काम असेल किंवा टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी असेल तरच. विदर्भ एक्सप्रेसनं रात्र निघून जाते, अडचण उतरल्यावर सुरू होते. परळला हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर पथारी टाकलेले आपल्याकडचे लोक भेटतील. ओळखीचं घर नसेल तर पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट यातच कापसाचे पैसे संपतात.

कागदाचंही पाहा. आपल्या जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या सरकारी भरतीत आरक्षण मिळत नाही, तिथं तुम्ही ओपनमध्ये. म्हणून सरकारी नोकरीची आस असलेल्यानं हैदराबादेत खाजगी काम धरलं, तरी फॉर्म महाराष्ट्राचेच भरावेत. जात पडताळणी आणि डोमिसाइल निघण्याआधीच करून घ्या, आणि नॉन-क्रीमीलेयरची मुदत संपायच्या आत बापाला तहसीलला पाठवा.