वॉटरबेस पीयू, पाइनच्या फळ्या आणि डब्याचं ते झाकण

गॅरेजच्या पॅनेलिंगला वॉटरबेस मॅट पीयू (पाण्यावर आधारित, चकाकी नसलेलं पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारला, त्यावरून कोकणातला एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहितोय. डब्यावरची माहिती सगळ्यांनी वाचलेली असते, ती उगाळत नाही.

जांभ्याची भिंत, त्यावर बॅटन (लाकडी पट्ट्या), बॅटनवर पाइनच्या खाचेच्या फळ्या. आत टेबल सॉ, रंधा आणि स्कूटर. मिस्त्री म्हणत होता मेलामाईन मारा, म्हणजे थिनरमधलं पॉलिश. पण भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, तिथे थिनरचा वास आणि पेटती शेगडी एकत्र नको. बेलतेल (जवसाचं तेल) स्वस्त पडलं असतं, पण त्याच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात राहिला तर आपोआप तापून पेटतो. भुशाच्या खोलीत कोण जोखीम घेणार? वर आपल्या हवेत तेलावर बुरशी पटकन धरते.

पहिल्या हाताला लाकडाचे तंतू उभे राहिले, भिंत हाताला खरखरीत. वॉटरबेसचं असंच असतं. 320चा पॉलिश पेपर फिरवून दुसरा हात मारला की गुळगुळीत. स्टील वूल मात्र अजिबात वापरू नका. त्याचे बारीक तुकडे फळीत अडकतात, पुढच्या हातातल्या पाण्याने गंजतात आणि तपकिरी ठिपके कायमचे बसतात.

आता झाकण. चार लिटरच्या डब्याला कडेने खोबण. ब्रश पुसला की खोबण भरते, सुकते, आणि पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटताना त्याच्या पापड्या आत पडतात. त्या थेट भिंतीवर. आडव्या उजेडात बघा, दारामागच्या फळीवर अजून दिसतात. एवढे पैसे घेता आणि साधं फिरकीचं झाकण देता येत नाही? शेवटी जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळून वापरला. बायको ओढणीचा हिशोब अजून मागते.

जुलैत खालच्या फळ्या दुधाळ झाल्या. तक्रार केली, कंपनीचा माणूस आला, ओल मोजायचं यंत्र टेकवलं आणि म्हणाला, "सर, भिंतीला ओल आहे, मालात दोष नाही." वॉरंटी बाद. मी भरपूर भांडलो. मग एक फळी काढून बघितली. पुढून लेप शाबूत, मागून कोरं लाकूड, त्यावर काळी बुरशी. ओल जांभ्यातून मागच्या बाजूने येत होती, लेपाखाली अडकत होती. माणूस बरोबर होता, बोलण्याची तऱ्हा तेवढी चुकीची.

खालच्या फळ्या उतरवल्या, सुकवल्या, मागून आणि कडांना दोन हात दिले, जमिनीपासून बोटभर फट ठेवली, वर जाळी लावली. सुकताच दुधाळपणा आपोआप गेला. तेव्हापासून या पीयूबद्दल माझं मत बरंच बदललंय. ग्रीसच्या हाताचा डाग ओल्या फडक्याने निघतो. पेन्सिलीने मापं लिहितो, खोडरबराने पुसतो, डाग राहत नाही.

'पिवळा पडत नाही' हा दावा मात्र अर्धाच खरा. लेप पडत नाही, पण पाइन उजेडाने पडतो. खिडकीसमोरचं कॅलेंडर हलवलं तर मागे फिकट चौकोन.

पुन्हा घ्यायचा तर घेईन, पण लिटरचेच डबे. थोडे महाग पडतात, पण एकदा उघडला की संपतो, झाकणाची कटकट नाही. ओलीची तक्रार कंपनीने 'निकाली' दाखवली आहे. झाकणाची वेगळी टाकली आहे, तिला अजून उत्तर नाही.