यूएनची नागरिक संरक्षण सर्व्हिस, साउथ सुदान: गेट उघडलं हे बरं केलं, पण पुढचं काय?

५ पैकी ३ स्टार, आणि त्यातले बहुतेक डिसेंबर २०१३ च्या एका निर्णयासाठी. राजधानी जुबात सरकारी सैनिकांनी कत्तल सुरू केली आणि जीव घेऊन पळणाऱ्या नुएर जमातीच्या हजारो लोकांना यूएनमिसने, म्हणजे यूएनच्या तिथल्या शांतिसेनेने, सरळ तळाच्या आत घेतलं. १९९५ ला बोस्नियात स्रेब्रेनित्साजवळच्या यूएनच्या डच सैनिकांच्या तळावरून आसऱ्याला आलेली माणसं बाहेर काढली होती, तसं इथे झालं नाही, एवढ्यासाठी तरी मानायलाच हवं.

भानगड पुढे आहे. चार दिवसांचा आसरा म्हणून आत घेतलेले लोक वर्षानुवर्षं तिथेच राहिले, तळांवरच्या अशा सगळ्या आसऱ्याच्या साइट मिळून आकडा २ लाखांच्या वर गेला आणि सैनिक बसले गेट राखत, म्हणजे लांबच्या गावांत गस्त घालायला माणसंच उरेनात! जो चालत तळापर्यंत पोचला तो सुटला, बाकीच्यांचं त्यांचं नशीब. बेन्तिऊची साइट तर सखल जागेवर, २०१४ च्या पावसात झोपड्यांत गुडघाभर पाणी आणि आया तान्ही पोरं हातात धरून रात्र काढतायत.

मला सगळ्यात खटकलं ते जळणाचं. सरपण आणायला कुंपणाबाहेर जावंच लागायचं, पुरुष गेला तर मारला जाणार, बाई गेली तर बलात्कार होईल पण कदाचित जिवंत परत येईल, असा हिशोब करून घरचे बाईलाच पाठवायचे. जुलै २०१६ ला जुबात गेटच्या आसपासच बायकांवर अत्याचार झाले, शांतिसैनिकांनी मदत केली नाही असे आरोपही झाले.

शिवाय एका जमातीचे लोक एका जागी जमले की ते आयतं टार्गेट. सरकारी लोक म्हणणार यूएन बंडखोर पोसतंय, मग २०१४ ला बोरच्या तळात हत्यारबंद जमाव घुसतो, फेब्रुवारी २०१६ ला मलाकालमध्ये किमान ३० जण मरतात आणि कॅम्पचा मोठा भाग जळून जातो. काँगोत २००९ ला वेगळीच तऱ्हा, यूएनने एफडीएलआर या बंडखोर गटाविरुद्ध सरकारी सैन्याला रसद पुरवली आणि त्या गटाने सूड उगवला तो गावकऱ्यांवर.

२०२० पासून एकेक साइट सरकारच्या ताब्यात द्यायला लागले, म्हणजे ज्यांच्या भीतीनं लोक आत आले होते त्यांच्याच पोलिसांकडे. कापलेल्या दोन स्टारपैकी एक तर यासाठीच.