मोटरहोमची हवा जाते कुठे? अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर वापरून पाहिला

आधीच सांगते, हे यंत्र घेतलं म्हणून साबणाच्या पाण्याची बाटली फेकून देऊ नका. दोन्ही लागतात.

यंत्र हातात मावणारं आहे. पुढच्या टोकाला निमुळती रबरी नळी, मागे हेडफोनची वायर. दाबाखालची हवा बारीक फटीतून सुटताना खळबळते आणि तिचा बराचसा आवाज 40 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. आपला कान 20च्या पुढे बहिराच. यंत्र तो आवाज खाली उतरवून कानात सोडतं. शेजारी जनरेटर धडधडत असला तरी फुसफुस वेगळी कळते, आणि पैसे वसूल होतात ते इथेच. इन्व्हर्टरजवळ मात्र ते उगाच किंचाळतं, तेव्हा शोध सुरू करण्याआधी तो बंद करा.

डिझेल पुशर गाडीत, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेल्या मोटरहोममध्ये, हवा एका जागी नसतेच. ब्रेक, एअर बॅग (अपघातात फुगणारी नव्हे, स्प्रिंगच्या जागी गाडी तोलून धरणारी), ड्रायव्हरची सीट, हॉर्न, सगळं एकाच कॉम्प्रेसरवर. म्हणून यंत्र लावण्याआधी हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचं ऐकायचं. टाक्या भरल्या की साधारण 120 ते 130 पीएसआयला ड्रायर, म्हणजे हवेतली ओल काढणारा डबा, जोरात फुस्स करतो. तो आवाज गळतीचा नाही, घाबरू नका. मग इंजिन बंद, चाकांना अडसर, पार्किंग ब्रेक सोडलेला. मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त उतरलं, किंवा पेडल दाबून धरल्यावर 3 पेक्षा जास्त, तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. गेजला ब्रेकच्या दोन टाक्यांचे दोन काटे असतात, त्यातला एकच उतरत असेल तर निम्मा शोध तिथेच संपला. रात्रभराच्या आकड्यावर मात्र भांडत बसू नका. 30 अंशांवर 125 भरलेली टाकी 10 अंशांवर काहीही न गळता 116च्या जवळ येते.

आमच्या गाडीत मागच्या रिले व्हॉल्व्हच्या (पेडल दाबलं की मागच्या ब्रेकना हवा सोडणारा) एक्झॉस्टमधून फुसफुस येत होती. यंत्र तिथे नेलं की हेडफोनमध्ये नुसता कल्लोळ. गॅरेजवाल्याने लगेच व्हॉल्व्ह बदलायचा म्हटलं. मी ह्यांना सीटवर बसवलं आणि पार्किंग ब्रेक लावायला सांगितलं. आवाज बंद! सोडायला सांगितलं, पुन्हा सुरू. म्हणजे व्हॉल्व्हचा दोष नव्हताच. चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये दोन कप्पे असतात, पार्किंगचा आणि पेडलचा म्हणजे सर्व्हिसचा. मागच्या एका चेंबरमधलं या दोहोंमधलं सील गेलं होतं. पार्किंगच्या कप्प्यात ब्रेक सोडलेला असतानाच हवा असते. ती हवा सर्व्हिसच्या कप्प्यात शिरायची आणि तिथून उलटी येऊन व्हॉल्व्हमधून बाहेर पडायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यंत्राने आवाज अचूक दाखवला, पण त्याचा अर्थ लावणं आपल्याकडेच राहतं. आणि तो चेंबर घरी उघडायचा नाही, ही विनंती नव्हे, ताकीद समजा. आतली दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

आता यंत्र कुठे कमी पडतं ते. गाडी थांबवल्यावर सावकाश, रात्रभरात बसते ना, ती गळती त्याला बहुधा ऐकूच येत नाही. हवा इतकी मंद झिरपते की खळबळच होत नाही, मग आवाज कुठून येणार? तिथे साबणाचं पाणीच. ब्रशने जाड थर लावायचा आणि हलायचं नाही. मोठे बुडबुडे लगेच दिसतात, पण मला हवा होता तो फेस फार सावकाश वर आला, मोहरीएवढा, लेव्हलिंग व्हॉल्व्हला (बॅगांतली हवा कमी-जास्त करून गाडीची उंची राखणारा) जाणाऱ्या नायलॉन नळीच्या पुश फिटिंगवर, म्हणजे नळी नुसती आत दाबून बसवायच्या सांध्यावर. नळी काढली तर टोक तिरकं कापलेलं. सरळ छाटून परत बसवली, काम झालं. एक मात्र आहे, गाडीचा जो कोपरा बसलाय तिथलीच बॅग फुटली असेल असं धरून चालू नका. एकाच व्हॉल्व्हवरच्या दोन बॅगा जोडीनेच खाली येतात. पितळी फिटिंगवर अमोनिया असलेला क्लीनर लावू नका, तडे जातात. नंतर साध्या पाण्याने धुवा.

हे सगळं गाडीखाली शिरून करायचं, तर चॅसीला मजबूत स्टँड लावल्याशिवाय आत जायचं नाही. एअर बॅगच्या भरवशावर तर कधीच नाही. तुम्ही गळतीच शोधताय, ती बॅग कुठल्याही क्षणी बसू शकते.

तक्रारी दोन. हेडफोनची वायर आखूड आहे, आडवं पडून मान वळवली की निसटते. आणि आवाज कमी-जास्त करायचं चाक अंगठ्याखाली येतं, नको तेव्हा फिरतं. गाडीत एअर बॅग नसतील, फक्त ब्रेकच हवेवर असतील, तर बाटली आणि ब्रश पुरे. बॅगा, टाक्या, सीट, हॉर्न असा सगळा पसारा असेल तर घ्या, पण वायर बदलून घ्या.